पान उलटायची जागा

आमचे घरमालक वर्तमानपत्राचं पान उलटायचे ते आवाज न करता. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? करून बघा. आधी वरचा कोपरा दोन बोटांत धरायचा, कागदाला जरासा बाक द्यायचा आणि मनगट फिरवत पान असं पलीकडं न्यायचं, की शेजारी झोपलेल्या मांजराचा कानसुद्धा हलू नये. मी समोर बसून कितीदा तरी बघितलंय, मला आजवर जमलेलं नाही. आणि दुसऱ्या कुणी पान फडफडवलं, की यांच्या कपाळावर आठी आलीच. एकदा गल्लीतल्या देवळात पोथी चालली होती. बुवांनी बोटाला थुंकी लावून खर्रकन पान उलटलं, तर हे भर बायाबापड्यांतनं ओरडले, "ओ महाराज, जरा थांबून उलटा की! मागं कोण लागलंय काय?" बुवा ओळच विसरले. तेव्हापासनं यांना पोथीचं बोलावणं बंद झालं.

मी त्यांना काका म्हणायचे. नात्यातले कुणी नव्हेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कोल्हापुरात त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्यानं घेतली आणि लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, हँडबिलं करून द्यायचं दुकान टाकलं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि माझं तोंड, एवढंच भांडवल. खोली देताना काका म्हणाले, "शटर दणादण आपटायचं न्हाई. ते छापायचं यंत्र मी दुपारचा पडलो असताना लावायचं न्हाई. आणि तुझ्या दुकानातनं मी ये-जा करणार न्हाई, मी मागच्या बोळानं जातो. बास, ह्याच अटी."

मला वाटलं, किती समजूतदार माणूस! आपली अडचण नको म्हणून स्वतः गटाराच्या बोळानं हिंडतोय. मग शेजारच्या वहिनींनी सांगितलं, "अगं, ते कुठं गेले तरी मागनंच शिरतात. लग्नाला आले तर आचाऱ्यांच्या बाजूनं मांडवात येतात नि तिकडनंच जातात. बायको होती तोवर बिचारी पुढच्या दारात रांगोळी घालायची, आणि हे मागच्या दारानं घरात." का, म्हणून विचारलं तर काका एवढंच म्हणायचे, "सवय हाय."

दुकान चालू झाल्यावर आठवड्याभरातच त्यांनी माझ्या कामात नाक खुपसलं. मी एक पत्रिका जुळवत होते. नवऱ्यामुलाचं नाव ओळीच्या शेवटी आलं आणि आडनाव खालच्या ओळीत गेलं. काका मागं उभे राहून बघत होते. "ए पोरी, नवरा वरच्या मजल्यावर नि आडनाव तळघरात व्हय? अगोदर शेवट बघावा. ओळ कुठं मोडणार ते ठरवून मग पहिलं अक्षर लिहावं." मी म्हटलं, काका, कॉम्प्युटर आपोआप मोडतो. "आपोआप?" त्यांनी असं विचारलं, जसं काही मी म्हणाले होते की आमच्याकडं भात आपोआप गिळला जातो. मला राग आला, पण ओळ त्यांच्या म्हणण्यासारखी केली तर पत्रिका खरंच देखणी झाली. काय करता!

हे ओळी मोडायचं वेड कुठनं आलं, ते मला हळूहळू कळलं. कोल्हापुरात धडाधड सिनेमे निघायचे त्या काळात काका एका स्टुडिओत नोटेशन, म्हणजे वाजवायचे सूर कागदावर, लिहायला होते. वडील संस्थानच्या बँडात, त्यामुळं पाच रेघांवरची विलायती लिपी त्यांना बाराखडीच्या आधी आलेली. संगीतकार सगळ्या वाद्यांचं मिळून एक मोठं थोरलं बाड करायचा. त्यातनं बासरीवाल्याचं वेगळं, सतारवाल्याचं वेगळं, व्हायोलिनवाल्याचं वेगळं, असे प्रत्येकाचे कागद हातानं उतरवून काढायचे, हे काकांचं काम. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या कपाटात जुने कागद होते, ते मी बघितलेत. शाईचा एक ठिपका कुठं सांडलेला नाही.

या लिपीत सूर दोन उभ्या रेघांमध्ये बसवतात. त्या खणाला 'बार' म्हणतात. बार वाजायला किती वेळ लागणार ते ठरलेलं असतं, पण कागदावर तो रुंद करायचा की अरुंद, एका ओळीत तीन घ्यायचे की पाच, ते लिहिणाऱ्याच्या हातात. आणि सगळी गोम तिथंच. काका मला समजावून सांगायचे, "स्टँडवर समोर दोन पानं दिसत्यात. तिसरं मागं. तिसऱ्यावर जायचं तर व्हायोलिनवाल्यानं हात कुठनं आणायचा? एक हात तारेवर, एक गजावर. म्हणून दुसरं पान अशा ठिकाणी संपवायचं, की वाजवणारा तिथं गप्प बसलेला असतोय. त्याला रेस्ट म्हणत्यात. रेस्टमध्ये सावकाश पान उलटावं. आवाज झाला की गेला माईकात!" तेव्हा म्हणे रेकॉर्डिंगला सगळे एकदम वाजवायचे नि गाणारा एकदम गायचा, मधे काही बिघडलं की पुन्हा पहिल्यापासनं. म्हणून काका नवा कागद घेतला, की आधी दुसऱ्या पानाच्या तळाशी रेस्ट कुठली येणार ते पेन्सिलीनं खुणावायचे आणि तिथनं उलटे मागं मागं येत बारांची रुंदी ठरवायचे.

एक दिवस काकांनी विचारलं, "तुझ्या ह्या डब्यात पाच रेघा येत्यात काय?"

"येतात की. कसल्या पाहिजेत? बॉर्डरला?"

"बॉर्डर न्हवं गं. गाण्याच्या."

माझा कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा त्या मुलाकडनं मी नोटेशनच्या सॉफ्टवेअरची सीडी मिळवली. काका कपाटातनं एक जुना कागद घेऊन आले. तीन पानांचा, एकट्या व्हायोलिनचा. मधल्या कडव्याआधी व्हायोलिनचा एक लांबलचक एकट्याचा तुकडा होता. मी काही गाण्यातली नव्हे. ते बोट ठेवायचे, मी माऊसनं सूर टाकायचे. सगळे टाकून झाल्यावर सॉफ्टवेअरनं ओळीत चार-चार बार मांडून टाकले, सगळे एका मापाचे. मी खूश झाले, झालं काम! काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी केल्यागत का केलंय हे?"

मग सुरू झाला आमचा संसार. बारची उभी रेघ ओढून तो रुंद-अरुंद कसा करायचा, ओळ पाहिजे तिथं कशी तोडायची, तोडलेली ओळ पुन्हा सरकू नये म्हणून तिला कुलूप कसं लावायचं, हे मी चुकत माकत शिकले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका स्टूल घेऊन शेजारी बसायचे. "ह्या बारला जरा जागा दे. बारीक सूर दाटीनं बसलेत, गुदमरत्यात. आणि ह्यात एकच लांब सूर हाय, एकट्याला एवढी खोली कशाला? आवळ त्याला." एकाला आवळलं की खालच्या चार ओळी हलायच्या. मग काका कपाळाला हात लावायचे आणि मी दात-ओठ खायचे. पण खोटं कशाला सांगू, मजा यायची. पत्रिकांतल्या चिरंजीव नि सौभाग्यकांक्षिणींपेक्षा हे बरं वाटायचं.

आणि जमलं की! पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या अगोदर. व्हायोलिनचा तो एकट्याचा तुकडा दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत संपला, त्यापुढं छान दोन बार रेस्ट, आणि मग पान. मी छापून काकांच्या हातात दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तिसऱ्या ओळीतला दुसरा बार जरा सैल वाटतोय. उद्या बघू."

तो उद्या काही येईना. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी कॉम्प्युटर बदलला, माझं लग्न झालं, पत्रिका मीच छापली आणि ओळी काकांनी मोडल्या. पण ते पान काही पुरं होईना. आज हा बार केसभर आत, उद्या केसभर बाहेर. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला एक चाळा लागतो, तसा हा. दुसरीही एक गोष्ट मी बघत होते. जयसिंगपूरचं कुणी गिऱ्हाईक आलं, की काका आतल्या पडद्याआडनं डोकं काढायचे, "काय हो पावणं, तुमच्याकडं अडत दुकानात दिवाणजी होता, व्हायोलिन वाजवायचा, तो जित्ता हाय न्हवं?" कुणी म्हणायचं, हाय की. मग काका पुन्हा आत. आणि रेडिओवर जुन्या गाण्यांत एक ठरावीक गाणं लागलं, की ते आवाज मोठा करायचे, मान डोलवायचे, आणि मधलं कडवं जवळ आलं, की तांब्या घेऊन परसात जायचे. कडवं संपल्यावर परत यायचे. मी म्हटलं, बिचाऱ्यांना लघवीचा त्रास असेल.

दोन हजार सालानंतरची ती भारनियमनाची वर्षं. एका दुपारी काकांचं बार सरकवणं चालू असताना लाइट गेली. मी फाईल सेव्ह केली नव्हती. मी कपाळ बडवलं. काका काळ्या पडलेल्या पडद्याकडं बघत बसले. मग आपण होऊन बोलायला लागले.

"ते गाणं लागतंय न्हवं रेडिओवर, त्यात मधल्या कडव्याच्या आधी पान उलटल्याचा आवाज हाय. तुला ऐकू येणार न्हाई. कुणालाच येत न्हाई. मला येतोय."

त्या दिवशी मुंबईहून मोठा संगीतकार आला होता. त्याला आपलं अक्षर दिसावं म्हणून काकांनी व्हायोलिनचा कागद ऐसपैस लिहिला. बार रुंद, सूर टपोरे, बघणाऱ्यानं वा म्हणावं असं. त्या ऐसपैसपणात शेवट बघायचा राहून गेला. एकट्याचा तुकडा दुसऱ्या पानावर मावलाच नाही, ऐन मध्यात तुटून तिसऱ्यावर गेला. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर व्हायोलिनवाल्याला ते समोर दिसलं. त्यानं गज तसाच ठेवून, करंगळीनं, कसं तरी पान उलटलं. खर्र झालं. एरवी सगळं झकास झालं होतं, आणि गाणाऱ्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून तेच ठेवलं. पण संगीतकार भडकला. व्हायोलिनवाल्याला सगळ्यांदेखत नको नको ते बोलला. मग काकांकडं वळून त्यानं विचारलं, "कागदात काही चूक होती का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी मान हलवली. न्हाई म्हणून."

व्हायोलिनवाला काकांचा जिवाचा दोस्त. एका ताटात जेवलेले. त्याला दुसऱ्या दिवसापासनं येऊ नको म्हणून सांगितलं. तो जयसिंगपूरला गावी गेला, अडत दुकानात दिवाणजी म्हणून लागला, आणि पुन्हा कधी स्टुडिओत आला नाही.

"हे पान त्याला द्यायचं हाय," काका म्हणाले. "बरोबर केलेलं. म्हणायचं, बाबा, हे असं लिहायला पाहिजे होतं."

मला वाईट वाटलं. आणि पाठोपाठ संतापही आला, कारण माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "काका, पान कवाच झालंय! मी स्वतः छापून तुमच्या हातात दिलंय. त्या बारात काडीचं काही राहिलेलं नाही. राहिलंय ते तुमचं पाऊल. पान झालं तर जावं लागेल, म्हणून तुम्ही ते होऊ देत नाही!"

काका स्टूल उचलून आत गेले. मग बरेच दिवस बोलणं बंद. मी शटर मुद्दाम हळू ओढायचे, तरी आतनं हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार.

आणि एका सकाळी बोळानं वळसा घालून ते दुकानासमोर येऊन उभे राहिले. परीटघडीचं धोतर, डोक्याला टोपी. "छाप ते. आणि शटर ओढ. जयसिंगपूरला जायचंय, तू चल संगं." मी विचारलं, तिसऱ्या ओळीतला दुसरा बार? "मरू दे तो बार," म्हणाले.

एसटीत त्यांनी कागद दोन पुठ्ठ्यांच्या मधे धरून मांडीवर ठेवले होते. हातकणंगले मागं पडलं तरी हात तसेच. उतरल्यावर मी पत्ता विचारत पुढं, ते मागं. घर सापडलं. दारात एक म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. "या की वो," म्हणाली. काकांनी आपलं नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नि त्यांच्याकडं नीट बघितलं. "लई उशिरा आलासा," एवढंच म्हणाली आणि आम्हाला आत नेलं.

व्हायोलिनवाले खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. उंचपुरे, बारीक. आमची चाहूल लागली तरी तोंड खिडकीकडंच. काका म्हणाले, "ओळखलंस का रं?"

त्यांनी मान वळवली, पण नजर काकांच्या खांद्यावरनं पलीकडं गेली. "आवाज वळखला की. बस."

"ह्यांस्नी दिसत न्हाई आता," म्हातारी मला म्हणाली. "शुगरनं गेले बघा डोळे. दोन वर्सं झाली. आधी चष्मा लावून पेपर वाचत होते वो."

दोन वर्षं. पान तर त्याच्या कितीतरी आधी झालं होतं. काकांनी पुठ्ठे उघडले होते, ते तसेच हातात राहिले.

"काय आणलंयस? कागदाचा वास येतोय."

"ते व्हायोलिनचं पान," काका म्हणाले. "नवीन केलंय. उलटायची जागा सरकवली. तुझा तुकडा पुरा झाल्यावर येतंय आता पान. चूक माझी होती रं. तुझी न्हवती. कागदाची होती."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "पान माझ्या फुडंच होतं न्हवं."

म्हातारी भडंगाची ताटली घेऊन आली, ती माझ्या हातात देऊन दाराशी उभी राहिली. भडंग चावायचीसुद्धा मला चोरी झाली. शेवटी व्हायोलिनवाल्यांनीच हात पुढं केला. काकांनी पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तळहात कागदावरनं फिरवला.

"कुठनं सुरू हाय?"

काकांनी त्यांचं बोट धरून तुकड्याच्या पहिल्या बारवर ठेवलं. ते गुणगुणायला लागले. आवाज घोगरा, पण सूर पक्का. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर चालत होती. काका शेजारी उकिडवे बसून एकेका ओळीवर बोट सरकवत होते, जणू काही व्हायोलिनवाल्यांना दिसत होतं. तुकडा संपला. दोन बारांची रेस्ट आली. व्हायोलिनवाल्यांनी हनुवटी जराशी वर केली आणि गप्प राहिले. काकांनी पान उलटलं.

"उलटलंस?"

"उलटलं."

"ऐकू न्हाई आलं," ते म्हणाले, आणि हसले. काकांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण बघणारा बघत नव्हता, आणि मला ते विसरलेच होते.

निघताना व्हायोलिनवाले म्हणाले, "वाजीवणं सुटल्याचं दुःख न्हाई मला. दुकानातबी बरं चाललं. पर त्या दिवशी मी स्टुडिओच्या फाटकात थांबलो होतो. फुडच्या. गावाकडची शेवटची मोटार सुटायची येळ झाली तरी थांबलो. म्हटलं, तू बाहेर येशील. काय बोलला नसतास तरी चाललं असतं. नुसता आला असतास."

काका म्हणाले, "मी मागच्या दारानं गेलो."

"मला वाटलंच," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत काकांनी पुठ्ठे रिकामे धरले होते. पानं तिकडंच राहिली. कोल्हापुरात उतरून गल्लीत आलो. काका नेहमीसारखे बोळाकडं वळले, आणि थांबले. मला म्हणाले, "शटर उघड." मी उघडलं. ते माझ्या टेबलाला वळसा घालून, पडदा सारून, पुढच्या दारानं आपल्या घरात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण त्या दारात त्यांची वाट बघत थांबलेलं आता कुणीच नव्हतं.